बाल्कनीतल्या मॉर्निंग ग्लोरीला नुसती पानंच येतात, फुलं का येत नाहीत?

बहुतेक वेळा कारण खतच असतं. वेल हिरवागार दिसतोय म्हणजे नत्र भरपूर मिळतंय. शेणखत, युरिया दोन्ही थांबवा. ही वेल जरा हलक्या मातीतच चांगली फुलते.

दुसरं कारण ऊन. रोज किमान पाच-सहा तास थेट ऊन हवं. मुंबईत समोरची इमारत ते अडवते, म्हणून कुंडी ग्रिलच्या अगदी कडेला ठेवा.

आणि एक गोष्ट सहसा कुणी सांगत नाही: निळ्या फुलांच्या काही जातींना कळ्या धरायला रात्री लांब आणि अंधाऱ्या लागतात. रस्त्यावरचा दिवा रात्रभर वेलीवर पडत असेल तर कुंडी हलवून बघाच. पावसाळ्यानंतर दिवस लहान होतात तेव्हा अशा वेली आपोआप कळ्या धरतात, त्यामुळे आत्ताच उपटू नका.

नव्याने लावायची असेल तर बी टणक असतं. पॉलिश पेपरवर हलकं घासून रात्रभर पाण्यात भिजवा, फुगलेलं बी तेवढं पेरा. चढायला सुतळी पुरते. पावसात कुंडीचं भोक तुंबू देऊ नका.

घरात लहान मूल असेल तर सुकलेल्या बोंडांकडे लक्ष ठेवा, बी विषारी असतं.