तंबाखू बंद झाली तर विडी वळणाऱ्यांचं काय?

प्रश्न: ताई, आमच्या सासूबाई ४० वर्षं विड्या वळतात. माझा मुलगा म्हणतो तंबाखूवर सरसकट बंदीच पाहिजे, त्यावरून घरात रोज भांडण. बरोबर कोण?
– एक वाचक, सोलापूर

उत्तर: अगं, तुझ्या घरात चाललंय तेच अख्ख्या सोलापुरात चाललंय. विचारलं की सगळे म्हणतात बंदी हवी, फक्त आपली सोडून! गुटखाबंदी आपल्याकडे २०१२ पासून आहे, तरी काय झालं, पानमसाला वेगळा आणि तंबाखू वेगळी अशा दोन पुड्या, टपरीवर उभं राहून मिसळायच्या की झालं.

मुलाला सांग, मालदीवने २०२५ मध्ये १ जानेवारी २००७ ला किंवा नंतर जन्मलेल्यांना तंबाखू विकायची नाही असा नियम लागू केला, आणि न्यूझीलंडने असाच कायदा २०२२ ला केला नि २०२४ ला रद्दही केला, म्हणजे सरकार बदललं की धोरण बदलतं.

पण सासूबाईंचं मत मला जास्त महत्त्वाचं वाटतं, कारण मांडीवर सूप घेऊन ओली पानं कापायची, जर्दा भरायचा, दोरा गुंडाळायचा, हे हजार वेळा केलं की मग हजार विड्यांची मजुरी, आणि ती धूळ फुप्फुसात जाते ती वेगळीच (मी स्वतः अर्धा तास बसले तर शिंका थांबेनात). त्यांना बंदी नकोय असं नाही गं, दुसरं काम कुठंय एवढंच विचारतायत.

नवरा तंबाखू खात असेल तर ती सोडवायला मदत करणाऱ्या हेल्पलाइनला, १८००-११-२३५६ ला, फोन लाव, फुकट आहे.