चेहरा राहू दे, आधी कापड रंगवा

प्रश्न: नमस्कार मॅडम, मी ॲक्रिलिकमध्ये फुलं, निसर्गचित्रं वगैरे करते, आता ऑइल शिकायचंय. सर्रिअलिस्ट (स्वप्नातल्यासारखी अतर्क्य) चित्रं भयंकर आवडतात म्हणून दालीचं ‘गॅलाटिया ऑफ द स्फिअर्स’ (गोळ्यागोळ्यांनी बनलेला त्याच्या बायकोचा चेहरा) कॉपी करायला घेतलं. पण चेहरा काही केल्या जमत नाही, त्यात पावसाळा, रंग सुकतच नाही. मैत्रीण म्हणते कॉपी करून कोणी चित्रकार होत नाही. सोडून देऊ का? – एक वाचक, डोंबिवली

उत्तर: अहो, सोडू कशाला! मैत्रिणीला सांगा, मुंबईच्या जे. जे. कलाशाळेच्या पोरांनी १८७२ पासून तिथल्या ग्रिफिथ्स या ब्रिटिश शिक्षकाच्या हाताखाली वर्षानुवर्षं अजिंठ्याच्या गुहेत बसून कॉपीच केली. फक्त चित्र चुकीचं निवडलंत. दालीच्या त्या चित्रात प्रत्येक गोळ्याला स्वतःचा उजेड-सावली आहे आणि ते सगळे मिळून परत एक चेहरा व्हायला हवा, पहिल्याच ऑइलला हे म्हणजे फारच झालं.

त्यापेक्षा मॅग्रिट या बेल्जियन सर्रिअलिस्टचं ‘द लव्हर्स’ घ्या, १९२८ चं, न्यूयॉर्कच्या मोमा या आधुनिक कलेच्या संग्रहालयात आहे ते. दोघं किस करतायत आणि दोघांच्या डोक्यावर पांढरं कापड गुंडाळलेलं. म्हणजे फिगर आहे पण डोळे-ओठ काही काढायचेच नाहीत! मॅग्रिटने वॉलपेपरची डिझाइनं, जाहिराती असली कामं केलेली, त्यामुळे रंग सपाट लावतो, ब्रशची मिजास नाही, शिकणाऱ्याला तो बराच सोपा. मूळ ५४ बाय ७३.४ सेंमी आहे, आपल्याकडचा १६ बाय १२ इंची तयार कॅनव्हास लहान असला तरी जवळपास त्याच प्रमाणात बसतो, उंचीत अर्धाएक सेंटिमीटर काय तो जास्त होईल.

आता खरी गंमत त्या कापडात आहे. ते पांढरं दिसतं म्हणून ट्यूबमधला पांढरा थापलात की गेलं. डोळे बारीक करून बघा, शुद्ध पांढरा अगदी एखाद्या घडीच्या कडेला सापडेल, बाकी सगळे करडे. अल्ट्रामरीन (निळा) आणि बर्न्ट अंबर (गडद तपकिरी) मिसळून करडा करा, मग पांढरा घालत चार-पाच पायऱ्या पॅलेटवर आधीच मांडून ठेवा आणि मगच ब्रश उचला. नाकाचा उंचवटा कापडातून कळतो ना, तिथे रेघ मारू नका, फक्त एक करडा दुसऱ्यात कोरड्या मऊ ब्रशने हलकेच मिसळा. ॲक्रिलिकमध्ये हे करेपर्यंत रंग वाळून बसतो, ऑइल शिकायचं ते ह्याच्यासाठीच खरं तर. मोबाईलवरच्या रंगांवर मात्र भरवसा ठेवू नका, ब्लॅक अँड व्हाइट प्रिंट काढून शेजारी लावा.

सुकण्याचं म्हणाल तर ऑइल पाण्यासारखं उडून सुकत नाही, हवेतला ऑक्सिजन घेऊन घट्ट होतं, म्हणून दमट अंधाऱ्या कपाटात ठेवलंत तर बसा वाट बघत. उजेड, वारा हवा. पहिला थर नुसत्या बर्न्ट अंबरचा, टर्पेंटाइनने पातळ केलेला, तो लवकर सुकतो. तेल वरच्या थरांत वाढवत न्या, उलटं केलंत तर पुढे तडे जातात. लिनसीड म्हणजे जवसाचं तेल आर्टिस्ट ग्रेडचंच आणा, हार्डवेअरवाल्याचं पॉलिशचं नको. खिडकी उघडी ठेवा आणि हो, तेल पुसलेल्या कापडाचे बोळे चोळामोळा करून डब्यात टाकू नका, ते आपोआप तापून पेट घेऊ शकतात! पसरून वाळवा.

कॅनव्हासच्या मागे ‘मॅग्रिटवरून’ असं लिहा, सही तुमची. विकायला काढू नका, तो १९६७ ला गेला आणि आपल्याकडे कॉपीराइट मृत्यूनंतर ६० वर्षं, म्हणजे २०२७ संपेपर्यंत आहे. वार्निशला सहा महिने तरी थांबा, आणि दालीचा कॅनव्हास फेकू नका, त्यावरचे एक-दोन गोळे करड्या रंगात सरावाला चांगले आहेत.