वडील आणि काका फ्रीमेसन असतील तर

फ्रीमेसनरी ही बंधुभाव जपणारी जुनी संघटना असून तिच्या सभासदाला फ्रीमेसन किंवा नुसते मेसन म्हणतात. घरात या विषयावर फारसे बोलले जात नसल्याने तुमच्या मनात शंका येणे स्वाभाविक आहे. मात्र बहुतेक नवखे इंटरनेटवरील चित्रफिती पाहून मत बनवतात आणि वडिलांना विचारतच नाहीत, ही पहिली चूक तुम्ही टाळा. आपण सभासद आहोत हे मेसनला लपवावे लागत नाही. ओळखीच्या खुणा आणि दीक्षाविधीचा तपशील तेवढा तो सांगत नाही, म्हणून ते खोदून विचारू नका. त्याऐवजी सभेत कमरेला बांधायचा, कपाटातला एप्रन पाहायला मागा. सभासदत्वाच्या पहिल्या पायरीचा एप्रन कोकराच्या कातड्याचा, पांढराशुभ्र आणि कोरा असतो. दुसऱ्या पायरीला त्यावर दोन निळी फुले येतात, तिसऱ्या पायरीला तीन. त्यावरून निघालेल्या गप्पांत ‘मेसन’ या शब्दामागच्या पाथरवटांच्या परंपरेपासून १९६१ साली स्थापन झालेल्या ग्रँड लॉज ऑफ इंडिया या भारतातील मध्यवर्ती संस्थेपर्यंत बरेच काही उलगडते.

फ्रीमेसनरी हा धर्म नव्हे. ईश्वरावर श्रद्धा आवश्यक असली, तरी लॉजमध्ये, म्हणजे मेसनांच्या स्थानिक शाखेत, धर्म आणि राजकारण यांवर वाद घालण्यास मनाई आहे. आपल्याकडे तेथे निरनिराळ्या धर्मांचे ग्रंथ एकत्र ठेवतात, आणि मला हीच गोष्ट सर्वांत मोलाची वाटते.

तुम्हालाही सभासद व्हायचे असेल, तर प्रवेश वारशाने मिळत नाही, स्वतः अर्ज करावा लागतो. वर्गणी आणि सभांचे दिवस आधी विचारून घ्या; पुढच्या पायऱ्यांचा विचार आता नको.