अंतराळात गेल्यावर हाडं का झिजतात? हाडातल्या पेशींना गुरुत्वाकर्षण कळतं तरी कसं?

गुरुत्वाकर्षण त्यांना कळतच नाही. हाड किती वाकलं, एवढंच कळतं. आणि ते वाकणं तरी केवढं, तर जोरात धावतानाही हजारात दोन-तीन भाग. हाडात गाडल्या गेलेल्या ऑस्टिओसाइट पेशींना तेवढं पुरतं. त्यांच्या फांद्या अतिसूक्ष्म नळ्यांतून पसरलेल्या असतात आणि नळ्यांत द्रव भरलेला असतो. हाड वाकलं की द्रव ढकलला जातो, फांद्यांना ओढ बसते, पेशीच्या पडद्यावरची पिएझो-१ सारखी दारं उघडतात, कॅल्शियम आत शिरतं. मग ही पेशी स्क्लेरोस्टिन हे प्रथिन कमी सोडते. हाड बांधणाऱ्या ऑस्टिओब्लास्टना अडवून धरतं ते हेच. अंतराळात पावलांचा भार नाही, त्यामुळे अडवणूक उठत नाही, आणि हाड खाणाऱ्या पेशींचं काम मात्र जोरात. खुब्याचं हाड महिन्याला १ ते दीड टक्का जायचं. आता अंतराळ स्थानकावर व्यायामाची यंत्रं आहेत, म्हणून बरंच सावरतं.

पण हाडं झिजायला अंतराळात जायला नको, पलंग पुरतो. माझी आई न्हाणीघरात घसरली, खुब्याचं हाड मोडलं, ऑपरेशन झालं. सर्जननी दुसऱ्याच दिवशी वॉकर धरून उभी केली. घरी आली आणि दादाचं राज्य सुरू झालं. "जन्मभर राबली, आता तरी तिला आराम करू दे." देवघरातली घंटा तिच्या उशाशी, काही लागलं की वाजवायची. चहा जागेवर, जेवण जागेवर, कमोडची खुर्ची पलंगाला खेटून. कॅल्शियमच्या गोळ्या मात्र मोबाइलला गजर लावून! दारात विटा-सिमेंट येऊन पडलंय आणि मुकादम कामच काढत नाही, तर भिंत कशी चढणार? मी फिजिओथेरपिस्ट, दिवसभर लोकांच्या आयांना उभं करते. स्वतःच्या आईला हात लावला की, "तुझं ते हॉस्पिटलात, इथे नको."

शेवटी घंटा उचलून मी देवघरात ठेवली. त्यावरून घरात जे झालं ते इथे लिहिण्यासारखं नाही. वहिनी तेवढी माझ्या बाजूने होती, तीही भांडी घासता घासता, हळू आवाजात.

मग दादाने तोडगा काढला: संध्याकाळी एकदाच काय ते भरपूर चालवू, म्हणजे दिवसभर कटकट नको. ऐकणाऱ्याला पटतं, पण हाडाला पटत नाही. रुबिन आणि लॅनियन यांनी १९८४ साली पक्ष्यांच्या पंखातल्या हाडावर प्रयोग केले. दिवसाला ३६ वेळा दाब दिला तेव्हा हाड वाढलं, आणि १८०० वेळा दिला तरी त्याहून जास्त वाढलं नाही. या पेशी लवकर कंटाळतात. मध्ये काही तास जाऊ दिले की पुन्हा दखल घेतात. नुसता स्थिर भारही त्यांच्या खिजगणतीत नसतो, दाब पडायला हवा आणि सुटायलाही हवा. म्हणजे खुर्चीत ताठ बसवून "बसलीये ना ती, झोपली कुठे" म्हणणं हा व्यायाम नव्हे. चहाला उठवा, पाण्याला उठवा, मालिकेच्या जाहिराती लागल्या की उठवा.

जाता जाता: दादा हल्ली पोहायला जातो आणि हाडांसाठी त्यासारखं काही नाही असं सगळ्यांना सांगतो. हृदयाला, दमाला उत्तम. हाडांना पाण्यात जवळजवळ सुट्टीच असते. जिने चढ म्हणावं.

आता उलटंही सांगते, नाहीतर कोणी हे वाचून आजीला उड्या मारायला लावेल. हाडं आधीच ठिसूळ असतील किंवा मणका दबला असेल तर उड्या, झटके, पुढे वाकून वजन उचलणं बंद. ऑपरेशननंतर पायावर किती भार द्यायचा हे सर्जनच ठरवणार, मी नाही आणि दादा तर नाहीच. गोळ्याही बंद करू नका, ड जीवनसत्त्व कमी असेल तर नुसतं चालूनही भागत नाही. आणि म्हातारपणी गेलेलं हाड चालण्याने फारसं परत येत नाही, उरलेलं टिकतं आणि तोल सुधारतो, म्हणून पुन्हा पडण्याची भीती कमी होते. दादाला हे मान्य आहे म्हणे, फक्त ते आधी त्यानेच सांगितलं होतं.