निसर्गातला शोधखेळ दहा मिनिटांत का संपतो, आणि यादी कशी लिहावी

तुम्ही लिहिलंय की तिसरी-चौथीची २४ मुलं आहेत, मैदानालगत झाडंझुडपं आहेत आणि वेळ तासाभराचा आहे. मागच्या खेपेला मुलांनी दहा मिनिटांत यादी संपवली, वर निम्मी फुलझाडं ओरबाडून ठेवली. मुलांना दोष देऊ नका, दोन्हीचं मूळ यादीत आहे. "लाल फूल, पिवळं पान, काडी, गोल दगड आणा" असं लिहिलेला कागद म्हणजे वाणसामानाची चिठ्ठी. मूल वस्तू उचलतं, पिशवीत टाकतं आणि पुढच्या ओळीकडे वळतं. नीट बघायची वेळच येत नाही.

म्हणून आधी क्रियापदं बदला. बारा कलमांच्या यादीत "आणा" फार तर तीनदा यावं, आणि तेही जमिनीवर आपोआप पडलेलंच. बाकी ठिकाणी बघा, ऐका, हात लावा, मोजा, चित्र काढा. दुसरं म्हणजे वस्तूचं नाव देऊ नका, खूण द्या. "फुलपाखरू शोधा" हे कलम मला अजिबात पटत नाही. ते आलं तर आलं, आणि एकाला दिसलं की सगळी फौज त्याच्यामागे झुडपात. याउलट "कोणीतरी खाल्लेलं पान" बहुतेक कुठल्याही झाडोऱ्यात सापडतं.

या एका कलमावर पंधरा मिनिटं गेली तरी जाऊ द्यावीत. पान कडेकडून कुरतडलेलं असेल तर बहुधा सुरवंट नाहीतर नाकतोडा. मध्येच बारीक बारीक भोकं असतील तर भुंगेऱ्यांवर संशय घ्यायला हरकत नाही. कडेला नखाएवढे स्वच्छ गोल काप दिसले तर ते पानं कापणाऱ्या माशीचं काम असू शकतं. ती ते तुकडे खात नाही, घरट्याला अस्तर लावायला नेते. आणि पानावर पांढुरकी नागमोडी रेघ दिसली तर सगळ्यांना बोलवा. ही नागअळीची वाट. अळी पानाच्या वरच्या आणि खालच्या पापुद्र्याच्या मध्ये राहून आतला हिरवा भाग खात पुढे सरकते. खाता खाता ती वाढते, म्हणून रेघ एका टोकाला केसाएवढी बारीक असते आणि दुसऱ्या टोकाला रुंद. पान न तोडता, फांदीवरच उजेडासमोर धरलं तर रुंद टोकाशी कधीकधी अळी दिसते, आणि रेघेत तिच्या विष्ठेचे काळे ठिपकेही. "ती कुठून निघाली आणि कुठे गेली?" एवढंच विचारा आणि गप्प राहा. उत्तर मुलं स्वतः काढतात.

तुमच्या वयोगटासाठी कार्डावर हे चालेल: कोणीतरी खाल्लेलं पान. एकाच झाडाचं सगळ्यांत लहान आणि सगळ्यांत मोठं पान. पानं समोरासमोर जोडीने येणारी एक फांदी आणि एकाआड एक येणारी दुसरी. हाताला खरखरीत लागणारी साल. वाऱ्यावर उडेल असं बी. कपड्याला चिकटेल असं बी. दगडावरचं किंवा खोडावरचं दगडफूल (ते एकटं नसतं, बुरशी आणि शेवाळ मिळून राहतात, हे नंतर सांगायचं). सहा पायांचा एक जीव. आठ पायांचा एक. मुंग्यांची रांग आणि तिची दोन्ही टोकं. माणसाने न केलेले तीन आवाज. आणि बारावं: "आम्हाला कळलं नाही असं काहीतरी". शेवटचं कलम गाळू नका, चांगले प्रश्न तिथूनच येतात.

पहिली-दुसरीला आठ कलमं पुरेत, प्रत्येकाशेजारी चित्र हवंच. नाहीतर खेळ वाचता येणाऱ्यांचा होतो. रंगांवर सगळी भिस्त ठेवू नका. लाल-हिरव्यातला फरक न दिसणारं एखादं मूल, बहुतेकदा मुलगा, वर्गात असू शकतं आणि त्याचं त्यालाही ते माहीत नसतं.

आदल्या दिवशी, त्याच वेळेला, यादी हातात घेऊन जागेवर फिरून या. वेळ तीच असावी, कारण सकाळी दंवाने उठून दिसणारी कोळ्याची जाळी दुपारी दिसत नाहीत. प्रत्येक कलम निदान तीन ठिकाणी सापडलं पाहिजे. एकाच जागी असेल तर ते कार्डावरून काढा. २४ जोडी पाय तिथे गेले की ती जागा उरत नाही.

चार-चार जणांचे सहा गट करा. प्रत्येक गटाला एक कार्ड, एक पेन्सिल, एक भिंग. प्रत्येकाला वेगळं कार्ड दिलं की शर्यत लागते. वाचणारा, लिहिणारा, भिंगवाला अशी कामं दर तीन कलमांनी बदला. सगळे पहिल्या कलमापासून सुरू झाले तर एकाच झुडपावर झुंबड उडते, म्हणून पहिला गट १ पासून, दुसरा ३ पासून, तिसरा ५ पासून, असं सुरू करा. नुसती बरोबरची खूण मान्य करू नका. एक शब्द किंवा छोटं चित्र हवं. आधी संपवणाऱ्याला बक्षीस तर मुळीच नको, सगळी ओरबाड तिथून येते. दहा मिनिटं सूचना, पस्तीस मिनिटं शोध, पंधरा मिनिटं गोल करून बसणं. यादी पुरी झाली नाही तरी चालेल हे निघण्याआधीच सांगा.

कार्ड जाड कागदाचं, खाली पुठ्ठा, वर रबरबँड. पेन आणि स्केचपेन ओल्या कागदावर पसरतात, पेन्सिल टिकते. भिंग पाचपट मोठं दाखवणारं पुरे. दहापटीच्या भिंगात दिसणारा भाग इतका लहान असतो की मुलांना हवी ती वस्तूच सापडत नाही. बहुतेक मुलं भिंग वस्तूजवळ धरून लांबून बघतात. ते डोळ्याजवळ धरायचं आणि वस्तू जवळ आणायची, किंवा आपण वाकायचं. भिंगातून सूर्याकडे बघायचं नाही, हे दोनदा सांगा.

हद्द आधी चालून दाखवा. तीन शिट्ट्या म्हणजे हातातलं टाकून परत, आणि परतल्यावर डोकी मोजायची. मोठी माणसं निदान तीन हवीत. मधमाशी-गांधीलमाशीच्या डंखाची ॲलर्जी कुणाला आहे का, हे पालकांना आधीच विचारून ठेवा. केसाळ सुरवंट, चीक येणारी झाडं, अळंबी, पिसं, घरटी आणि अंडी फक्त बघायची. तोंडात काहीच घालायचं नाही. दगड मोठ्यांनीच उलटायचा, पलीकडची कड धरून आपल्याकडे, म्हणजे खालून जे निघेल ते आपल्यापासून लांब जाईल. बघून झालं की तो अलगद तसाच ठेवायचा. खालच्या राखाडी, खंडाखंडांच्या जीवांना श्वासालाही ओल लागते, दगड उघडा राहिला तर ते सुकून मरतात. शेवटी साबणाने हात. मातीच्या हातांवर सॅनिटायझर नीट काम करत नाही.

गोलात बसल्यावर नावं सांगायची घाई करू नका. आणलेल्या वस्तू एका गटाने आपल्या मनातल्या नियमाने लावाव्यात आणि इतरांनी नियम ओळखावा. मग सगळं जिथलं तिथे परत.

तरीही एखादा गट लवकर मोकळा झाला तर चार मीटर सुतळीची टोकं बांधून गवतावर एक-एक मीटर बाजूचा चौकोन करा. आत किती वेगवेगळी रोपं आहेत ते मोजायचं. मुलं आधी "नुसतं गवत" म्हणतात. पानाची रुंदी, कडा आणि लव बघायला सांगितली की आकडा वाढत जातो. सुतळी मात्र भडक रंगाची घ्या, साधी तपकिरी गवतात दिसत नाही आणि कुणाचा तरी पाय अडकतो.