शब्दाची शंका: मुलीच्या डायरीतला ‘डिफायंट’

प्रश्न : ताई, माझी मुलगी आठवीत आहे. वर्गात फळ्यावर कुणीतरी बाईंचं चित्र काढलं. सगळ्यांनी माफीपत्र लिहायचं ठरलं. ही उभी राहून म्हणाली, “मी काढलं नाही, मी लिहिणार नाही.” डायरीत शेरा आला, ‘डिफायंट’. नेटवर शोधलं तर ‘ऑपोझिशनल डिफायंट डिसऑर्डर’ हा विकार निघाला. जीव थाऱ्यावर नाही. नेमका अर्थ काय?
– एक आई, महाल, नागपूर

उत्तर : आधी तो विकार डोक्यातून काढा. त्या निदानासाठी सततची चिडचिड, वादावादी, मुद्दाम नियम मोडणं असं वागणं निदान सहा महिने दिसावं लागतं आणि ते तज्ज्ञ तपासून ठरवतात. डायरीतल्या एका शब्दावरून ते ठरत नाही.

डिफायंट म्हणजे अधिकारातल्या माणसाचं म्हणणं तोंडावर, उघड नाकारणारी. “हो बाई” म्हणून गृहपाठ न करणारं पोर डिसओबीडियंट, म्हणजे न ऐकणारं असतं, डिफायंट नव्हे. त्याने सामना केलेलाच नसतो. ‘इनसबॉर्डिनेट’, म्हणजे वरिष्ठांचा हुकूम न मानणारा, हा नोकरीतला नि फौजेतला शब्द, मेमोत दिसतो. ‘रिबेलियस’, म्हणजे बंडखोर, बहुतेकदा स्वभाव सांगतो. डिफायंट मात्र माणूस एका प्रसंगापुरताही असू शकतो.

वर्गात हा शब्द शिकवताना मी आपल्या नागपूरचा १९२३ चा झेंडा सत्याग्रह सांगायची. झेंडा घेऊन सिव्हिल लाइन्समध्ये मिरवणूक न्यायला मनाई होती. स्वयंसेवक तरी निघायचे, पकडले जायचे, मागून पुढची तुकडी निघायची. जमनालाल बजाज तुरुंगात गेले, मग वल्लभभाई पटेलांनी सूत्रं हाती घेतली. इंग्रजीत हे ‘इन डिफायन्स ऑफ द बॅन’, म्हणजे बंदी झुगारून, असं लिहितात. सरकारी अहवालात तो ठपका, आपल्या इतिहासात तोच गौरव. चूक की बरोबर, हे या शब्दात नसतंच. काय नाकारलं त्यावर ते ठरतं.

म्हणून माझ्या मते बाईंनी शब्द अचूक निवडला, पण शेरा अर्धवट ठेवला. न केलेल्या गोष्टीची माफी मुलीने नाकारली, हे तिथे यायला हवं होतं. डायरीत उलट उत्तर लिहू नका. भेटीची वेळ मागा, मुलीला सोबत न्या, आणि फळ्याच्या प्रकाराची चौकशी झाली का, हे शांतपणे विचारा.

बोलताना जोर ‘फाय’वर द्या: डि-फाय-अंट.