तेल निघेल, बुरादा चिकटून राहील

प्रश्न : अंबडला आमचं टर्निंगचं (लेथवर धातू कातायचं) छोटं वर्कशॉप आहे. पितळेचे आणि स्टीलचे जॉब, म्हणजे कातलेले सुटे भाग, ट्रायक्लोरोइथिलीनमध्ये (तेल काढणाऱ्या रसायनात) धुतो. मोठं गिऱ्हाईक म्हणतं, ते बंद करा. पुतण्या म्हणतो, कार्बन डायऑक्साइड वापरा. गॅसने खरंच तेल निघतं का? – एक वाचक, नाशिक

उत्तर : निघतं हो. गिऱ्हाइकाचंही चुकत नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने ट्रायक्लोरोइथिलीन पहिल्या गटात टाकलंय, म्हणजे त्याने माणसाला कर्करोग होतो याबद्दल वाद उरलेला नाही.

पण तुम्ही लिहिलंच नाहीत, जॉबवर आहे काय? नुसतं कटिंग ऑइल, म्हणजे धातू कापताना सोडतात ते तेल, असेल तर पुतण्या बरोबर आहे. ३१ अंश सेल्सिअस आणि साधारण ७४ बार दाबाच्या (नेहमीच्या हवेच्या दाबाच्या सुमारे ७३ पट) वर हा वायू धड वायू राहत नाही, धड द्रव नाही. बारीक भोकातही शिरतो आणि हलकं तेल विरघळवून आणतो. दाब सोडला की तेल खाली, जॉब कोरडा, वायू पुन्हा वापरायला मोकळा. (३१ अंश तर आपल्याकडे एप्रिलच्या दुपारी असतातच. खरा खर्च ७४ बार पेलणाऱ्या भांड्याचा!) पाण्यात कालवलेलं कूलंट (कापताना जॉब गार ठेवणारं मिश्रण) वाळून बसलं असेल, तर त्यातले क्षार याने विरघळत नाहीत. गंजही नाही. बुरादा, म्हणजे धातूचा कीस, तर नाहीच. तो ढवळून किंवा फवाऱ्यानेच काढावा लागतो.

कोरड्या बर्फाचा, म्हणजे गोठवलेल्या कार्बन डायऑक्साइडचा, मारा ही वेगळी गोष्ट. उणे ७८ अंशांचे तांदळाएवढे दाणे हवेच्या दाबाने मारतात. डाय, मोल्ड (साचे) मशीनवरून न उतरवता साफ होतात. तुमच्या बारीक जॉबच्या ढिगाला मात्र ते जमणार नाही. आतली भोकं तशीच राहतील. शिवाय पावसाळ्यात गार पडलेल्या स्टीलवर दव धरतं, आणि मग गंज.

माझं मत विचाराल तर तुमच्या आकाराच्या वर्कशॉपने आधी गरम पाणी, डिटर्जंट आणि अल्ट्रासॉनिक टाकी (ऐकू न येणाऱ्या ध्वनिलहरींनी मळ सुटा करणारी) बघावी. धुतल्यावर लगेच गरम हवेने वाळवा. गिऱ्हाइकाला पाणी अजिबात चालत नसेल, तरच कार्बन डायऑक्साइडचं यंत्र. तेव्हा नमुन्याला खोल भोकाचे, सगळ्यात तेलकट जॉब द्या, आणि गिऱ्हाइकासमोर धुऊन घ्या. यंत्र खड्ड्यात किंवा बंद खोलीत ठेवू नका. हा वायू हवेपेक्षा दीडपट जड, खाली साचतो, वासही येत नाही. जमिनीलगत सेन्सर बसवा.